त्याला तीन, ह्यांना नऊ

पत्र थोडक्यात असं: लेखिका सांगली जिल्ह्यातल्या, वय 38. सात महिन्यांपूर्वी पुण्यात त्यांच्या नवऱ्याचं (वय 43) किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी त्यांनीच दिली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी; किडनी बिघडली की आकडा चढतो) 1.3 वर स्थिर आहे. त्याच आठवड्यात त्याच वॉर्डात एका तरुणाला आईची किडनी बसवली; दोन्ही घरांची मैत्री जमली. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस हे औषध दोघांनाही आहे. तो मित्र आता त्याच्या दिवसाला 3 मिलिग्रॅमवर आहे, लेखिकेच्या नवऱ्याला मात्र सकाळी 5 आणि रात्री 4 असे 9 मिलिग्रॅम चालू आहेत. वजनं जवळपास सारखी. तरी मित्राची लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण) 7 आणि ह्यांची जेमतेम 6. मधे गणपतीनंतर पुण्यात तपासलेली लेव्हल एकदम 13.6 आली, म्हणून डोस 7 वर आणला. पुढची लेव्हल 4.9 आली, म्हणून पुन्हा 9. नवऱ्याचे हात थरथरतात, चहाचा कप बशीत वाजतो. तो म्हणतो, 'एवढं विष कशाला, मी आपलं पाचवर आणतो.' सासूबाई म्हणतात, 'रक्ताची किडनी असती तर एवढी औषधं लागली नसती.' व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी जनुकीय चाचणी सुचवतं, कुणी गुळवेलीचा काढा. लेखिका विचारतात: माझी किडनी त्यांना मानवली नाही का? डॉक्टर बदलावेत का? चाचणी करावी का? आणि डोस कमी केला तर काय होईल?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबण्यासारखा नाही. डोस स्वतःहून कमी करायचा नाही. पाचवर तर नाहीच, आठवरही नाही. काय होईल ते तुमच्याच पत्रातले आकडे सांगतात. 9 मिलिग्रॅमला लेव्हल 6 येते, 7 ला 4.9 आली होती. एकाच माणसापुरतं टॅक्रोलिमसचं गणित बऱ्यापैकी सरळ चालतं, म्हणजे 5 मिलिग्रॅमला ती साडेतीनच्या आसपास उतरेल. पहिल्या वर्षात डॉक्टर ती शक्यतो पाचाच्या खाली जाऊ देत नाहीत. आणि यातली खरी अडचण अशी की लेव्हल पडली की माणसाला बरं वाटतं. हात थांबतात, हुशारी येते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू झालं तरी बहुतेकदा काही दुखत नाही. पुढच्या रिपोर्टात 1.3 चं 1.9 झालेलं दिसतं तेव्हा कळतं. मग बायोप्सी, स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि एवढं करून गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या. त्यांचा 'विष' हा शब्द तसा अगदीच खोटा नाही. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून 1984 साली हे औषध सापडलं, आणि त्याची कामाची मात्रा आणि त्रासाची मात्रा एकमेकींना इतक्या लागून आहेत की रक्त तपासल्याशिवाय ते देताच येत नाही. क्रोसिनचा डोस ठरवायला कुणी रक्त काढत नाही. इथे काढतात, त्याचं कारण हेच.

आता तीन आणि नऊ. जास्त औषध म्हणजे जास्त आजार, असं तुम्ही धरून चालला आहात. घरात आपण शिकतोच तसं: एका गोळीत ताप उतरला तर साधा, तीन लागल्या तर मोठा. पण टॅक्रोलिमसचा डोस आजार किती मोठा आहे ते सांगत नाही. गिळलेल्या औषधातलं वाटेत किती संपतं, एवढंच तो सांगतो. तोंडावाटे घेतलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी चौथा हिस्सा रक्तात पोचतो. ही झाली सरासरी. एखाद्यात पाच टक्के पोचतं, तर एखाद्यात नव्वद. आतड्याच्या अस्तरात एक पंपासारखं प्रथिन आहे, ते आत आलेलं औषध परत बाहेर टाकतं. तिथेच औषध मोडणारी एन्झाइम्स आहेत. त्यांच्या तावडीतून सुटलेलं यकृतात जातं, आणि तिथे हीच मंडळी पुन्हा भेटतात. त्यातलं सीवायपी 3ए5 नावाचं एन्झाइम काहींच्या शरीरात जोरात काम करतं आणि काहींच्यात जन्मापासून जवळपास बंद असतं. ज्यांच्यात चालू आहे त्यांना तेवढ्याच लेव्हलसाठी साधारण दीड ते दोन पट डोस लागतो. युरोपीय वंशाच्या बहुतेकांत ते बंद असतं, आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांत चालू. आपण भारतीय मधे कुठेतरी, त्यामुळे एकाच वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवर दोन्ही प्रकार सापडणं रोजचंच आहे.

गच्चीवरच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एकीचा नळ गळतो, दुसरीचा नाही. दोन्हींत पाणी एकाच खुणेपर्यंत ठेवायचं तर गळक्या टाकीची मोटर जास्त वेळ चालवावी लागणार. म्हणून त्या घरात पूर आला असं कुणी म्हणत नाही. यजमानांच्या रक्तात मित्रापेक्षा जास्त टॅक्रोलिमस नाही; उलट किंचित कमीच आहे. जास्त आहे ती गिळलेल्या कॅप्सूलची संख्या आणि औषधाच्या दुकानातलं बिल.

पण दीड-दोन पट म्हटलं, आणि तुमच्याकडे फरक तर तिप्पट आहे. उरलेला कुठून आला? त्या मित्राच्या फाइलीत डिल्टियाझेम आहे का, सहज विचारून बघा. ही रक्तदाबाची गोळी टॅक्रोलिमस मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते. लेव्हल चढते आणि महागडं औषध कमी लागतं. आपल्याकडे कित्येक डॉक्टर रुग्णाचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून ती मुद्दाम देतात. बुरशीच्या संसर्गासाठी फ्लुकोनॅझोल चालू असेल तरी तोच परिणाम. मग वायसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, किती चालू आहे ते बघा. स्टेरॉइडमुळे या एन्झाइमचं काम वाढतं, म्हणून स्टेरॉइड उतरवत नेलं की टॅक्रोची लेव्हल आपसूक वर सरकते. हिमोग्लोबिनचाही वाटा आहे: हे औषध लाल पेशींत साठतं आणि लेव्हल अख्ख्या रक्तात मोजतात, त्यामुळे हिमोग्लोबिन 8 चं 12 झालं की डोस न बदलताही आकडा वाढतो. शिवाय ब्रँड कुठला, कॅप्सूल जेवणाआधी घेतो की नंतर. एवढं सगळं सारखं असेल तरच तीन आणि नऊ एका ओळीत लिहिता येतील, आणि तसं दोन रुग्णांत जवळपास कधीच नसतं. मित्राकडे ही चौकशी मैत्रीखातर करा. त्याच्या उत्तरावरून आपल्या घरातली एक कॅप्सूलही हलवू नका.

सासूबाईंच्या बोलण्याला शास्त्रात स्पष्ट उत्तर आहे. ते त्यांच्या कानावर कसं घालायचं हे तुम्ही जास्त चांगलं जाणता. टॅक्रोलिमस मोडतं ते यजमानांच्या स्वतःच्या आतड्यात आणि यकृतात, आणि बाहेर पडतं ते मुख्यतः पित्तावाटे. तुमची किडनी या कामात जवळपास नाहीच. सासूबाईंची किडनी बसवली असती तरी त्यांच्या मुलाचं यकृत तेच राहिलं असतं, आणि ही लेव्हल गाठायला एवढ्याच कॅप्सूल लागल्या असत्या. (यकृताचं ट्रान्सप्लांट असेल तर मात्र देणाऱ्याची जनुकं या हिशेबात येतात, कारण यकृतच त्याचं असतं.) औषधांवाचून निभावलं ते एकसारख्या जुळ्यांचं: 23 डिसेंबर 1954 ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली तेव्हा. आई आणि मुलगा म्हणजे जुळे नव्हेत. आईची अर्धी जुळणी मिळते, बाकी अर्ध्यासाठी औषधं लागतातच.

नवरा-बायकोमधल्या किडनीबद्दल म्हणाल तर 1995 साली लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांच्या गटाने अमेरिकेतल्या नोंदी तपासून एक लेख लिहिला होता. तीन वर्षांनंतर जोडीदाराने दिलेल्या किडनींपैकी 85 टक्के चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी 82 टक्के. कागदावरची जुळणी जोडीदारांत कमी होती, तरीही. निरोगी, जिवंत माणसाची, वेळेवर काढून वेळेवर बसवलेली किडनी हीच मोठी जमेची बाजू असते. जुळणीला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. लेव्हल किती ठेवायची, सुरुवातीची इंजेक्शनं किती कडक द्यायची, हे ठरवताना डॉक्टर जुळणी बघतात, आणि ज्यांच्या रक्तात देणाऱ्याविरुद्ध आधीपासून अँटिबॉडी आहेत त्यांच्याबाबत तर फारच. पण तो प्रश्न लेव्हलचा. मिलिग्रॅमचा नाही. आणि सात महिन्यांनी 1.3 क्रिएटिनिन हे 'माझी किडनी मानवली का' याचं उत्तर आहे. मानवली.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचावं लागलं तिकडे येते. गणपतीनंतरच्या त्या पुण्याच्या फेरीबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात: 'पहाटे पाचला नाश्ता-गोळ्या उरकून निघालो, साडेनऊला पोचलो, रक्त दिलं.' गोळ्या उरकून!

टॅक्रोलिमसची जी लेव्हल डॉक्टर बघतात ती तळाची असते, म्हणजे आधीच्या डोसनंतर बारा तासांनी, पुढचा डोस घेण्याच्या आधी. कॅप्सूल घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात शिगेला पोचतं आणि मग उतरत जातं. साडेचार तासांनी काढलेलं रक्त त्या उतारावरचं असतं. 13.6 आला यात नवल नाही. तो आकडा खोटा नाही, पण ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचला गेला त्याचं ते उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी तो तळाचा समजून डोस 7 वर आणला. पुढच्या वेळी तुम्ही गावातल्या सेंटरवर सकाळी उपाशीपोटी, गोळी घेण्याआधी रक्त दिलंत, आणि 4.9 आला. आता हिशेब करून बघा: 9 ला 6 येत असेल तर 7 ला साधारण पावणेपाच यायला हवी. आली 4.9. म्हणजे यजमानांचं शरीर लहरी नाही, अगदी शिस्तीत चाललं आहे. घोळ झाला तो घड्याळाचा, आणि तेवढ्यापायी त्यांनी काही आठवडे कमी लेव्हलवर काढले.

दोष तुमचा असं समजू नका. लॅबच्या फॉर्मवर 'शेवटचा डोस किती वाजता' अशी एक ओळ असते. ती सहसा कोरी जाते. जांभळ्या झाकणाची नळी भरणाऱ्या मुलापुढे तीस माणसांची रांग असते, तो विचारत नाही. रुग्णाला वाटतं, आपण गोळी चुकवली नाही हे तर चांगलंच केलं. पण यापुढे पुण्याला जाल तेव्हा सकाळची कॅप्सूल खिशात ठेवायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. आदल्या रात्रीचा डोस साडेनऊला घेतला असेल तर रक्त साडेनऊला. बाकीच्या सकाळच्या गोळ्यांचं काय, तेही डॉक्टरांना एकदाच विचारून कागदावर लिहून घ्या. आणि त्या 13.6 ची हकिकत त्यांना या भेटीतच सांगा. 'त्या दिवशी रक्त गोळी घेतल्यानंतर दिलं होतं' एवढं एक वाक्य पुरे आहे. लोक भितात, डॉक्टर रागावतील म्हणून. रागावले तर रागावले. त्यांच्या फाइलीत तो आकडा तसाच राहिला तर ते पुढेही तुमच्या यजमानांना 'लेव्हल वरखाली होणारा रुग्ण' समजून निर्णय घेत राहतील.

कारण दोन माणसांच्या डोसमधल्या फरकाला डॉक्टर फार महत्त्व देत नाहीत, पण एकाच माणसाच्या लेव्हलमधले चढउतार त्यांना अस्वस्थ करतात, आणि तसं व्हायलाच हवं. डोस तोच असताना ज्यांची लेव्हल सारखी उड्या मारते त्यांच्यात रिजेक्शन आणि किडनी निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. खाली गेली की शरीर किडनीवर उठतं, वर गेली की औषधच किडनीला इजा करतं. म्हणून तुलना करायचीच असेल तर मित्राशी नको, आपल्याच मागच्या रिपोर्टाशी करा. एक साधी वही घाला. तारीख, रात्रीच्या डोसची वेळ, रक्त दिल्याची वेळ, लॅब कुठली, लेव्हल, क्रिएटिनिन, तेव्हा चालू असलेला डोस आणि ब्रँड, आणि मधल्या काळात काय झालं: जुलाब, ताप, नवी गोळी, लग्नातलं जेवण. लॅब शक्यतो एकच ठेवा. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, आणि एकाच रक्ताचा आकडा दोन ठिकाणी थोडा वेगळा येऊ शकतो. ब्रँडचंही तसंच. प्रोग्राफ असो, पॅनग्राफ असो की आणखी स्वस्त काही, बदलायला हरकत नाही, पण दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही. डॉक्टरांना सांगून बदलायचा आणि बदलल्यावर लेव्हल करायची.

जुलाबाचा मुद्दा थोडा उलटा आहे म्हणून वेगळा सांगते. हगवण लागली की औषध वाहून जात असेल असं वाटतं आणि लोक एखादी जास्तीची कॅप्सूल घेतात. प्रत्यक्षात आतड्याचं अस्तर सुजलं की तिथली मोडतोड थांबते, आणि टॅक्रोलिमसची लेव्हल चढते. दोन दिवसांहून जास्त जुलाब झाले तर फोन करा आणि लेव्हल करा. कॅप्सूल घेतल्याबरोबर उलटी झाली तर पुन्हा घ्यायची की नाही, हेही आधीच विचारून ठेवलेलं बरं. रात्री अकरा वाजता ग्रुपवर विचारण्यापेक्षा.

हात थरथरण्याचा त्रास खरा आहे. 'लेव्हल बरोबर आहे ना, मग काही नाही' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. औषध झपाट्याने मोडणाऱ्या माणसात तळाची लेव्हल 6 ठेवायची तर मधला शिगेचा आकडा बराच उंच जातो, आणि थरथर त्या शिगेला जास्त जाणवू शकते. यजमानांना आठवडाभर एवढंच टिपायला सांगा: कप कधी वाजतो? कॅप्सूलनंतर तास-दोन तासांत जास्त आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कमी, असं असेल तर ही डॉक्टरांसाठी फार उपयोगाची माहिती आहे. त्यांच्याकडे वाटा आहेत. दिवसातून एकदाच घ्यायचा, हळूहळू सुटणारा प्रकार मिळतो, त्यात शीग कमी उंच असते. (दोन्ही प्रकार घरात असतील तर एकाच्या जागी दुसरा चुकूनही नको, ती वेगळी औषधं समजा.) डिल्टियाझेमचा विचार करता येतो. टॅक्रोलिमस मॅग्नेशियम कमी करतं आणि त्यानेही हात थरथरतात, म्हणून एकदा मॅग्नेशियम तपासायला सांगा. साखरही तपासत राहा. हे औषध आणि स्टेरॉइड मिळून ट्रान्सप्लांटनंतर मधुमेह आणू शकतात, मधुमेह नसलेल्या घराण्यातही.

लेव्हल सारखी ठेवली म्हणून दोन माणसांत परिणामही सारखाच होतो, असंही नाही. एकाच 7 वर एकाला रिजेक्शन होतं आणि दुसऱ्याच्या लघवीत बीके नावाचा विषाणू वाढू लागतो, म्हणजे प्रतिकारशक्ती फार दबली, त्याच्यासाठी तेवढं औषध जास्त झालं. त्या वेळी डॉक्टर डोस उतरवतात. तुमच्या मित्राचा डोस तशाच एखाद्या कारणाने कमी केलेला असू शकतो. असेल तर त्याचे तीन मिलिग्रॅम हेवा करण्यासारखे नाहीत.

जनुकीय चाचणीबद्दल माझं मत: आता गरज नाही. सीवायपी 3ए5 चा अहवाल उपयोगी पडतो तो पहिला डोस ठरवताना. फ्रान्समध्ये 280 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2010 साली प्रसिद्ध झाली. जनुक पाहून डोस दिलेल्यांपैकी 43 टक्के रुग्ण पहिल्याच तपासणीत ठरलेल्या पट्ट्यात बसले, नेहमीच्या पद्धतीत 29 टक्के. पण रिजेक्शनमध्ये फरक पडला नाही, कारण लेव्हल बघून डोस बदलत गेल्यावर काही दिवसांत सगळे तिथेच पोचतात. 2015 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही एवढंच म्हणतात की अहवाल हाताशी असेल तर डोस कसा ठरवावा. चाचणी केलीच पाहिजे असं नाही. सात महिन्यांच्या रिपोर्टांनी तुम्हाला हे उत्तर फुकट दिलं आहे: यजमान वेगाने मोडणारे आहेत. ज्यांचं ट्रान्सप्लांट अजून व्हायचं आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. तेव्हा त्या पैशाला अर्थ आहे.

गुळवेल नको. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी सकाळ-संध्याकाळ औषध द्यायचं आणि मधे प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा, हे मुळातच विपरीत. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवलं आहे, आणि टॅक्रोलिमसचा सगळा कारभार यकृतावर. फळांत पपनस नको. कोकणात आणि गोव्यात गणपतीवरच्या माटवीला (फळं-पानं बांधायच्या चौकटीला) ते टांगतात आणि नंतर प्रसाद म्हणून वाटतात. त्यातली द्रव्यं आतड्यातल्या एन्झाइमला बंद पाडतात आणि लेव्हल चढते. ग्रेपफ्रूटचंही तेच. मोसंबी-संत्र्याला हा दोष नाही.

याहून मोठा धोका गावातल्या चांगल्या, ओळखीच्या डॉक्टरांकडून येतो. ते खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन लिहितात आणि टॅक्रोलिमस दुप्पट-तिप्पट चढतं. टीबीची शंका येऊन रिफाम्पिसिन सुरू झालं तर उलट इतकं पडतं की डोस कितीही वाढवला तरी पुरत नाही. फिटच्या काही जुन्या गोळ्याही लेव्हल पाडतात. टीबी आपल्याकडे ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत दुर्मीळ नाही, उपचार करावाच लागतो, पण तो नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारून, औषधं निवडून. फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: 'टॅक्रोलिमस चालू आहे. नवीन औषध देण्याआधी फोन करावा.' खाली पुण्याचा नंबर. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही, हेही तिथेच लिहा.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण सगळे टॅक्रोलिमसवर नसतात. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांतही असाच फरक असतो: काहींच्या शरीरात ते मोडणारी एन्झाइम्स जन्मतः दुबळी असतात, आणि नेहमीच्या डोसलाच पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. आशियाई लोकांत, आपल्यातही, हे दिसतं. म्हणून सुरुवातीचे सीबीसी (रक्तपेशी मोजण्याच्या तपासण्या) चुकवू नयेत. त्यावर युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल कुणी सुरू केलं तर ते फारच धोक्याचं. आणि मायकोफेनोलेटवर असलेल्या स्त्रियांनी मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं, दिवस राहिल्यावर नाही. त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं.

डॉक्टर बदलावेत का? निव्वळ डोस जास्त आहे म्हणून तर मुळीच नाही. तुमच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी लेव्हल बघून डोस हलवला आहे, म्हणजे काम नीट चाललं आहे. प्रश्नांना वेळ देत नाहीत, फोन उचलत नाहीत, अशी तक्रार असती तर मी वेगळं म्हटलं असतं. दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण वही आणि सगळे रिपोर्ट घेऊन जा, आणि दोघांच्या सल्ल्यातला निम्मा-निम्मा पाळू नका.

यजमानांशी बोलताना मित्राचं उदाहरण मधे आणू नका. सात महिने कॅप्सूल मोजत बसलेल्या माणसाला शेजाऱ्याचा कमी आकडा डाचणारच. त्यांचं म्हणणं औषध कमी करा हे नसून हात थांबवा हे आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाता येतं. पुढच्या भेटीत हा विषय त्यांनाच काढू द्या, तुम्ही शेजारी बसा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात शोधून सापडली नाही. तुमचं स्वतःचं शेवटचं क्रिएटिनिन किती? रक्तदाब? लघवीतलं प्रोटीन? किडनी देणाऱ्याची तपासणी वर्षातून एकदा, आयुष्यभर, आणि पहिल्या वर्षात डॉक्टर सांगतील तशी लवकर. वेदनाशामक गोळ्यांचा नियम तुम्हालाही लागू. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा तुमच्याही नावाची चिठ्ठी लिहून घ्या. तुमच्या रक्ताला गोळीची वेळ बघायची गरज नाही, त्याच रांगेत होऊन जाईल.